सुतळीत बांधलेली ओळ

"हा शब्द कुनाच्या घरचा हाय?"

वार्ताहर छापखान्यात शिरायच्या आधी त्यांचा हा प्रश्न आत शिरायचा. मग ते यायचे. सायकल दाराला टेकवायची, दगडावरचं ओलं प्रूफ उचलून उजेडात धरायचं आणि डाव्या करंगळीचं वाढवलेलं नख ओळीखालून सरकवत न्यायचं. एखाद्या शब्दाशी नख थांबलं की मी समजायची, आज काही खरं नाही.

मी तेव्हा भिवंडीत एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायची. ऐंशी सालानंतरची गोष्ट. शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिकमध्ये लावायचे, ओळी रचायच्या, पान बांधायचं. बाहेर लूमची खटखट आणि आत ट्रेडलची, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राची. चार पानांचं आमचं साप्ताहिक दर शुक्रवारी निघायचं, आणि त्यातल्या प्रत्येक बातमीवर छापलेलं असायचं, 'आमच्या वार्ताहराकडून'. हा वार्ताहर एकच होता. त्यामुळे गावात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यांची बायकोसुद्धा "आमचे वार्ताहर जेवायचे हायत अजून" असंच म्हणायची.

ते मूळचे जवळच्या दिघाशी गावचे. पहाटे पेपर टाकायचे, दिवसा बातम्या गोळा करायचे, आणि शुक्रवारी आमच्या साप्ताहिकाचे गठ्ठेही तेच सायकलवरून वाटायचे. तालुक्याच्या गावात असंच असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. जो पेपर विकतो तोच बातमी देतो, आणि जो बातमी देतो त्यानेच जाहिरातही आणायची. खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं ओळखपत्र असायचं. ते त्यांना कुणी कधी मागितलं नाही. तरी कुठे गर्दी दिसली की आधी ओळखपत्र काढायचे आणि मग पुढे घुसायचे. गर्दीने त्यांना तरीही ढकलूनच बाजूला केलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

शब्दांना घर असतं, हा त्यांचा सिद्धांत. बातमीत 'हातगाड्यांचा विळखा' असं आलं की नख टेकलंच. "विळखा कुनाच्या घरचा? ट्रकवाल्याच्या. गाडी ओढनाऱ्याला विचार, तो म्हनंल मी ताटकळलो. ताटकळलो हा त्याच्या घरचा शब्द. मग एकाच्याच घरचा का छापायचा, बाय?"

मी म्हणायची, "वार्ताहर, विळख्याला तीन खिळे कमी लागतात."

यावर ते खरंच विचारात पडायचे. खिळ्यांची टंचाई त्यांना मान्य होती.

आता त्यांना फार थोर ठरवायला नको. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीत हेच गृहस्थ 'लोकांच्या गळ्यातील ताईत' आणि 'झंझावाती नेतृत्व' असं बिनदिक्कत लिहून आणायचे. मी एकदा प्रूफ त्यांच्यापुढे धरलं आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "झंझावाती कुनाच्या घरचा हाय?" जरा लाजले. म्हणाले, "त्यो भाड्याच्या खोलीतला. महिना भरला की जाईल." शिवाय माझ्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता खायचे, आणि वर तिखटाबद्दल अभिप्राय द्यायचे.

एकदा एका बौद्ध घरची पत्रिका आली होती, पुण्यानुमोदनाची, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाची. मी सवयीने गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' जुळवलं. वार्ताहरांचं नख आलंच. "बाय, आमच्यात कैलासाला कुनी जात न्हाय. तिकडं आपलं एक पन पावनं न्हाय. कालकथित लाव." मी 'कालकथित' लावलं. त्या दिवसापासून बौद्ध घरची पत्रिका आली की मी आधी विचारायला शिकले. तेवढं त्यांनी मला शिकवलं, ते मी नाकारत नाही.

पण आमचं खरं भांडण होतं ते एका ओळीवरून.

छापखान्यात एक रीत असते. जे शीर्षक वारंवार लागतं ते दर वेळी कोण जुळवत बसणार? एकदा मोठ्या टाइपात रचायचं, सुतळीने घट्ट बांधायचं आणि खिडकीखाली ठेवून द्यायचं. लागलं की उचलून पानात बसवायचं. आमच्याकडे 'हार्दिक अभिनंदन' बांधलेलं होतं, 'दुःखद निधन' बांधलेलं होतं, आणि तिसरी ओळ होती, 'ताबा सुटल्याने अपघात'. ती सगळ्यात जास्त वापरात. हायवेवर वडप्याला ट्रक उलटला, लावली. सायकलवाला चिरडला, लावली. कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टला पोचवणारा कुणी हातगाडीवाला गाडीखाली आला, लावली. शाईने सुतळी काळी पडून लाकडासारखी कडक झाली होती.

वार्ताहर बोलता बोलता त्या ओळीपाशी जायचे आणि नखाने गाठ उकलायला बघायचे. मी हातावर चापट मारायची.

"सोड ना ती, बाय."

"आणि पुढच्या शुक्रवारी परत कोण जुळवणार? आपले मालक?"

"हातगाडीला बिरेक असतो का? मंग ताबा कसला सुटतो? हा शब्द ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरी जन्मला, पोलीस चौकीत बारसं झालं, आन् तू त्याला पाळन्यात बांधून ठेवलायस."

माझा पारा चढायचा. मी खिळे जुळवायची, बातमी नाही. पण मनातून मला ते पटायचं, हेही सांगून टाकते.

हातगाडी कशी चालते हे भिवंडीबाहेरच्यांना सांगायला हवं. गाडीला ब्रेक नसतो. पुढे एक माणूस दांड्याला जुंपलेला. उतार आला की मागे दुसरं माणूस लागतं, गाडीला बांधलेला दोर धरून अंग मागे टाकतं आणि गाडी रोखतं. तोच ब्रेक. पुष्कळ जोड्यांत पुढे नवरा आणि मागे बायको असायची. अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेले काळू आणि जनी ही त्यातलीच जोडी. आमच्या छापखान्यासमोरून दिवसातून कितीदा तरी जायची. काळू कधी बोलायचा नाही. जनी मात्र जाता जाता मला हाक मारायची, "काय छापलंस गं आज?"

हातगाड्या उभ्या राहायच्या त्या गाडीतळावर प्रत्येकाचा नंबर असायचा. आपला नंबर आला की आपल्याला भाडं. हा नंबर कुठे लिहिलेला नव्हता, पण तो घराचा असायचा. माणूस गेला तर त्याचा भाऊ, मुलगा, मेहुणा कुणीतरी त्याच जागी उभं राहायचं आणि तळाचा मुकादम हरकत घ्यायचा नाही. फक्त ज्याच्या चुकीने माल रस्त्यावर पडला, त्याचा नंबर जायचा. त्यावर कुणी बोलायचं नाही, कारण कायदा मुकादमाचा होता.

एका गुरुवारी दुपारी काळू गेला. ट्रान्सपोर्टची गाडी लवकर सुटायची होती, म्हणून दोन खेपांचा माल एकाच खेपेत लादला होता. नाल्यावरच्या पुलाचा उतार. उताराच्या पायथ्याशी ट्रान्सपोर्टच्या गोदामासमोर ट्रक रस्त्यातच उभा करून भरत होते, नेहमीसारखा. जनीने दोर धरला होता. गाडी थांबली नाही. काळू आपल्याच गाडीच्या आणि ट्रकच्या मध्ये सापडला, कापडाच्या गाठी रस्त्यावर पसरल्या. जनी दोराबरोबर फरपटत तिथपर्यंत गेली.

वार्ताहर तिथे पोचले तेव्हा लोक जनीच्या हातातून दोर काढत होते. दोर निघत नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ओळखपत्राचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी त्यांनी बातमी छापखान्यातच बसून लिहिली. एरवी लांबण लावणारा माणूस, पण ही बातमी लहान होती. माल दुप्पट होता. ट्रक रस्त्यात उभा होता. गाडीला ब्रेक नसतो. मागून रोखणाऱ्या बाईने शेवटपर्यंत दोर सोडला नव्हता. बस. शब्दांना पुन्हा पुन्हा नख लावून बघितलं आणि माझ्याकडे दिली. मथळा दिला, 'दुप्पट मालाने घेतला बळी'.

"बळी चालेल?" मी विचारलं. "हा कुणाच्या घरचा?"

"जनीच्या," ते म्हणाले.

मी मथळा मोठ्या टाइपात जुळवला. आणि इथे त्यांनी एक चूक केली. छापखान्यात वावरलेला माणूसच अशी चूक करू शकतो. मालकांना पान हलवायचं निमित्त मिळू नये म्हणून त्यांनी ती बांधलेली ओळ उचलून आणली, माझ्या मथळ्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "बराबर ह्याच मापात बसव. म्हंजे मालक म्हनायला नको की मावत न्हाय." मी दोन्ही बाजूंना पट्ट्या घालून माप बरोबर केलं. दोन ओळी शेजारी ठेवल्या तर कडेला नख शिरत नव्हतं. वार्ताहर खूश झाले. मी दिवे लागायच्या वेळेला घरी गेले.

मालक वाईट नव्हते, असं अशा वेळी म्हणायची रीत आहे. मी ती पाळणार नाही. ज्या ट्रान्सपोर्टचा ट्रक उभा होता, त्यांची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर बारमाही असायची. मी घरी गेल्यावर मालकांनी बातमीतल्या ट्रकच्या, मालाच्या आणि दोराच्या ओळी उपटल्या, मथळा उचलला आणि त्या जागी बांधलेली ओळ ठेवली. पट्टी हलवावी लागली नाही की खिळा. माप आधीच जमवून ठेवलेलं होतं. खाली छापलं होतंच, 'आमच्या वार्ताहराकडून'.

सकाळी वार्ताहर आले, बांधलेले गठ्ठे सायकलला लावले आणि निघाले. त्यांनी अंक उघडला नाही. आत काय आहे ते त्यांना पाठ होतं ना! गाडीतळावर गेले आणि ज्याने मागितला त्याला आणि ज्याने मागितला नाही त्यालाही अंक दिला. मुकादमालाही स्वतःच्या हाताने दिला. जनी तिथे आली होती. भावाला घेऊन, नंबरासाठी. पुढे भाऊ लागेल, मागे ती स्वतः लागणार होती. नवरा जाऊन एक रात्र झाली होती, पण नंबराला सुतक नसतं.

मुकादम म्हणाला, "तूच वाच, वार्ताहर. तूच लिवलंस."

वार्ताहरांनी अंक उघडला. पुढचं मला त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडीतळावरच्या एकाने सांगितलं. मथळ्यावर त्यांचं नख थांबलं, तेव्हा मुकादमाने अंक ओढून घेतला आणि स्वतः वाचला. मग सगळ्यांना म्हणाला, "बगा. पेपरात आलंय. ताबा सुटला. म्हंजे चूक त्यांची. नंबर गेला."

जनी मुकादमाशी भांडली नाही. ती वार्ताहरांच्या पुढे आली. दोराने सोललेले दोन्ही हात तिने उघडून दाखवले.

"मी सोडला न्हाय," ती म्हणाली. "तुमी बगितलंत न्हवं? मंग असं का लिवलंत?"

दुसऱ्या सकाळी गाडीवाल्यांनी रांगेत काळूच्या गाडीची जागा मोकळी ठेवून आपापल्या गाड्या लावल्या. घोषणा नाहीत, काही नाही. दुपारपर्यंत ती जागा तशीच राहिली. मग एका टेम्पोवाल्याला गाडी लावायला जागा हवी होती, त्याने तिथे टेम्पो घातला. तेवढंच झालं. आणि हे आमच्या अंकात आलं नाही, कारण वार्ताहर त्या आठवड्यात छापखान्यात फिरकलेच नाहीत.

आले ते थेट मालकांच्या टेबलापाशी. खुलासा छापा म्हणाले. भिवंडीने एका चुकीच्या शब्दाची किंमत काय असते ते दंगलीत फार महागात बघितलं होतं, तेव्हा मालकांना शब्दाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "आपण आपल्याच बातमीचा खुलासा छापत नसतो. तुम्हाला छापायचा तर जाहिरात द्या."

वार्ताहरांनी जाहिरात दिली. जाहिराती आणणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जाहिरात दिली, रोख. मजकूर मी जुळवला:

'जाहीर खुलासा. काळू यांच्या मृत्यूच्या बातमीचा मथळा माझा नव्हता. माल दुप्पट होता. ट्रक रस्त्यात उभा होता. त्यांच्या पत्नी जनीबाई यांनी दोर सोडला नव्हता. – आमचा वार्ताहर.'

मालकांनी प्रूफ वाचलं. मला वाटलं, ट्रकची ओळ काढणार. नाही काढली. पैसे घेतले होते. फक्त शेवटच्या 'आमचा' वर पेनाने काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'माजी'.

अशी त्यांची नोकरी गेली. ना बोलाचाली, ना चिठ्ठी. वार्ताहरांनी प्रूफ उजेडात धरलं, नख त्या शब्दावर टेकवलं आणि हसले. "मालकांनी एका शब्दात काम केलं, बाय. हा मातर त्यांच्या सोताच्या घरचा हाय. मान्य." मला हसू आलं नाही. मला तेव्हा मालकांच्या टेबलावरची शाईची दौत त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतावीशी वाटली होती.

खुलासा छापून आला. मुकादमाने तो वाचला नाही. जाहिरात कोण वाचतं? जनी काही दिवस कारखान्यांमागे सुताचा कचरा वेचताना दिसली, मग पाड्यावर निघून गेली.

वार्ताहरांनी मुंबईच्या एका मोठ्या पेपरालाही ती बातमी पाठवली होती. त्यांनी ती छापली, आणि चांगली मोठी. पण तिथल्या कुणा दयाळू माणसाने त्यात 'बिचारा' घातला, 'पोटाची खळगी' घातली, 'दैवाचा घाला' घातला. दुप्पट माल दैवाखाली गडप झाला. वार्ताहर ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शिवी परवडली. शिवी दिली तर उलट बोलता येतं. बिचारा म्हटल्यावर मान्सानं काय बोलायचं?"

त्यानंतर ते फक्त पेपर टाकायचे. वर्षं गेली. खोकला लागला, तो राहिलाच. सायकल हातात धरून चालायला लागले, मग तीही सुटली. साप्ताहिक ऑफसेटवर गेलं, मालकांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आला आणि त्यावर एक हसरा ऑपरेटर. ट्रेडल उरलं लग्नपत्रिका आणि बिलबुकांपुरतं, आणि मीही तेवढ्यापुरतीच. वार्ताहर कधीमधी येऊन स्टुलावर बसायचे. प्रूफ मागायचे. मी लग्नपत्रिका द्यायची. "चि. सौ. कां. कुनाच्या घरची?" असं विचारून स्वतःच खोकत खोकत हसायचे.

एका शुक्रवारी अंकात तीन ओळी आल्या. 'साप्ताहिकाचे माजी वार्ताहर' असं म्हणून नाव, नावाआधी 'कै.', आणि मग 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले'. अल्पशा! चार पावसाळे तो माणूस भिंतीला धरून खोकत होता.

त्यांची बायको पुण्यानुमोदनाची पत्रिका घेऊन आली. हातात तो अंक होता. "जयभीम, ताई," म्हणाली. "तेवढं कै. नको हां. उठून बसतील."

मी 'कालकथित' मोठ्या टाइपात जुळवायला घेतलं. खिळ्यांच्या केसमध्ये, 'त'च्या घरात, 'त' नव्हता. मोठे 'त' आमच्याकडे मुळातच थोडे, काही झिजून फेकलेले. चांगले 'त' कुठे आहेत ते मला माहीत होतं. खिडकीखाली, धुळीत, 'ताबा सुटल्याने अपघात' अजून बांधलेली पडली होती.

मी गाठीला नख लावलं. इतकी वर्षं ज्या हातावर चापट मारली, तो हात त्या क्षणी फार हवासा वाटला. गाठ सुटली नाही. शेवटी ब्लेडने सुतळी कापली. ओळ हातात मोकळी झाली. 'त' घेतला, काना घेतला, बाकीचे खिळे केसमधल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकले. पत्रिका छापली. शाई नेहमीपेक्षा थोडी जास्त लावली.

दिघाशीला कार्यक्रमाला जनी आली होती. कुणी सांगितलं तिला कोण जाणे. पत्रिका हातात धरून बसली होती, तळहातावर दोराचे पांढरे वळ तसेच. तिने मला वाचून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. "यात माजं न्हाय ना कायी?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मला तिला सांगायचं होतं, की आहे, तो 'त' तुझ्या ओळीतला आहे. पण वाचता न येणाऱ्या बाईला एक अक्षर दाखवून मी काय देणार होते?

सोमवारी ऑपरेटरला मोकळी जागा दिसली. "ती जुनी लाइन कुठं गेली?" त्याने विचारलं. सोडली म्हटलं. तो हसून म्हणाला, "बरं केलंत. माझ्याकडं आहे ती. बटन दाबलं की येते."

आणि आली. त्याच शुक्रवारी वडप्याच्या एका गोदामात माल उतरवणारा कुणी रिव्हर्स येणाऱ्या कंटेनरखाली गेला होता. मी करंगळीचं नख त्या मथळ्यावर टेकवलं. कोरडा कागद होता, खूण उमटली नाही. खिडकीखाली बघितलं, तर तिथे आता सोडवायला गाठसुद्धा नव्हती.